करडी ओळ

हृदयाच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला एक अरुंद खोली लागते. तिच्या दारावर लांबलचक नाव लिहिलेलं आहे, पण ते कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. सगळे तिला डबीची खोली म्हणतात आणि आत बसणाऱ्या बाईंना डबीवाल्या बाई. बाईंची याला हरकत नव्हती. सोळा वर्षं हेच नाव कानावर पडल्यावर, खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर आपणच मागे वळून बघू की कोणाला बोलावतायत, असं त्या म्हणत.

बाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. बुटक्या, चालीने घाईच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि गरजेच्या वेळी नेमका पाठीवर गेलेला. या खोलीत येण्याआधीची वीस वर्षं त्यांनी तळमजल्यावर लोकांच्या छातीला वायरी चिकटवून हृदयाचे आलेख काढले होते. आलेख काढताना माणूस समोर आडवा असतो, गप्पा मारतो, गुदगुल्या होतात म्हणून हसतो. वर आल्यापासून, डबी देतानाची भेट सोडली तर, त्यांचा माणसाशी संबंध आला तो पडद्यावरच्या ओळीतून आणि फोनवरून. पहिलं वर्ष त्यांना करमलं नाही. मग कळलं की फोनवर माणूस जास्त उघडा पडतो, कारण त्याला वाटतं आपला चेहरा दिसत नाही.

डबी साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी, पांढरी, एका कोपऱ्यात बारीक हिरवा दिवा. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवलाय त्याने ती उशाशी ठेवायची, प्लग लावायचा आणि विसरून जायचं. रात्री ठरलेल्या वेळी, माणूस झोपेत असताना, डबी छातीतल्या यंत्राला हाक घालते. यंत्र ओ देतं, आधी आपला नंबर सांगतं, मग दिवसभरात काय काय झालं ते सांगतं: ठोके किती वेळा आपण दिले, किती वेळा हृदयाने स्वतः दिले, बॅटरी किती उरली, तारा नीट आहेत का, माणूस किती तास हिंडला-फिरला. डबी ते सगळं मोबाइलच्या जाळ्यावरून दवाखान्यात पाठवते आणि सकाळी बाईंच्या पडद्यावर एक ओळ उमटते.

नवीन माणसाला डबी देताना बाईंचं भाषण ठरलेलं असे. छातीतलं यंत्र ओरडत नाही, कुजबुजतं, असं त्या सांगत. ओरडायला लागलं तर दोन वर्षांत बॅटरी संपेल आणि तुम्हाला पुन्हा टेबलावर आडवं करावं लागेल. कुजबुजतं म्हणून दहा वर्षं पुरतं. पण कुजबुज ऐकायची तर कान जवळ न्यावा लागतो, म्हणून डबी उशाशी. फार तर अडीच-तीन मीटर, मध्ये भिंत नको, लोखंडी कपाट नको. मग हमखास कोणीतरी विचारे की शेजाऱ्याचं यंत्र आमच्या डबीत शिरलं तर? त्यावर बाई त्या दोन भावांची गोष्ट काढत, जे एकाच खोलीत पाठीला पाठ लावून झोपत आणि दोघांच्याही छातीत यंत्र होतं. डबी आणि यंत्र यांची ओळख दवाखान्यातच करून दिलेली असते. नंबर जुळला तरच बोलणं, नाहीतर हाक ऐकूनही गप्प. तिकडे सख्ख्या भावाचं हृदय काय म्हणतंय, याची ही डबी चौकशीसुद्धा करत नाही. आणि यंत्र सांगतं ते तुकड्या-तुकड्याने. एक तुकडा वाटेत गहाळ झाला तर डबी म्हणते, तेवढं पुन्हा सांग. हे ऐकून एक आजोबा एकदा बायकोसमोर म्हणाले होते की मग आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी नीट ऐकणारं येतंय.

सकाळच्या यादीत रंग तीन. हिरव्या ओळी म्हणजे काल बोलणं झालं आणि सगळं ठीक. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पिवळ्या म्हणजे बोलणं झालं पण त्यात काहीतरी खटकतंय. त्या डॉक्टरांकडे जातात. आणि करड्या म्हणजे बोलणंच झालं नाही. करड्या ओळी बाईंच्या. रोज दहा-बारा असत. बाई एकेक नंबर फिरवत आणि वहीत कारण लिहीत. कोणी इस्त्रीसाठी प्लग काढलेला असे. कोणी डबीसमोर मासे पाळायची काचेची पेटी आणून ठेवलेली असे, आणि पाण्यापुढे त्या कुजबुजीचं काही चालत नाही. कोणी लेकीकडे गेलेलं असे आणि डबी बिचारी रिकाम्या बिछान्याला रात्रभर हाका मारत बसलेली असे.

आणि मग वेगळ्याच जातीची करडी ओळ. प्लग जागेवर, दिवा हिरवा, माणूस घरातच, तरी बोलणं नाही. पहिली काही वर्षं बाई डबीच बदलून देत. मग त्यांच्या लक्षात आलं की डबी ठणठणीत असते, माणूस दुसऱ्या खोलीत झोपायला गेलेला असतो. तेव्हापासून त्यांनी एक वाक्य घासूनपुसून तयार केलं होतं. "काल रात्री तुम्ही कुठे झोपलात?" एवढंच, तारीख विचारावी तशा आवाजात. पलीकडे क्षणभर शांतता पसरे आणि मग उत्तर येई की घोरण्याचा त्रास होतो हो. कधी नवऱ्याच्या घोरण्याचा, कधी बायकोच्या. वहीत त्या 'घोरणे' असं लिहीत आणि सांगत की डबी जिथे झोपता तिथे न्या. पुढच्या सकाळी ओळ हिरवी. वहीतलं घोरणं सगळं खरं मानलं तर या गावात कोणाला झोपच लागली नसती, असं त्या समोर बसणाऱ्या सिस्टरना म्हणत. पण फोनवर त्या कधी जास्त विचारत नसत आणि कोणाला खोटंही सांगत नसत. या दोन्ही गोष्टींचा त्यांना थोडासा गर्वच होता.

बाईंच्या स्वतःच्या घरची ओळही यादीत होती, एकशे एकोणतीस नंबरची. नवरा नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झालेला, नऊ वर्षांपूर्वी त्याच्या छातीत यंत्र बसलं. डबी बाईंनीच उशाशी लावली. पहिली दोन वर्षं त्या सकाळी कामावर आल्या की आधी एकशे एकोणतीस उघडत. तो किती तास चालला, दुपारी तीनला ठोके का वाढले, रात्री किती वाजता अंग टाकलं, सगळं कळे. संध्याकाळी घरी गेल्यावर विचारायला काही उरत नसे. काल जिना दोनदा का चढलात, असं त्या विचारत, आणि तो मिठाची गुळणी धरून बसे. एका रविवारी तो म्हणाला की तू मला वर्षभरात एकदाही झोप लागली का म्हणून विचारलं नाहीस. बाई म्हणाल्या, मला माहीत असतं ना. त्यानंतर तो उशी घेऊन हॉलमधल्या पलंगावर गेला. बाईंनी व्यवहार बघितला. ओळ करडी व्हायला नको म्हणून त्याच संध्याकाळी डबी हॉलमध्ये नेऊन लावली. त्याला सात वर्षं झाली. एकशे एकोणतीस रोज हिरवी येई, आणि दवाखान्यात कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

तर या बाईंच्या हातून चूक झाली ती क्रेनवाल्या काकांच्या बाबतीत.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून इमारतींवर लोखंड चढवण्यात गेलेला. त्यांचं स्वतःचं हृदय मिनिटाला जेमतेम पंचवीस ठोके द्यायचं. बाकी सगळी भिस्त यंत्रावर. दोन महिन्यांपूर्वी त्यांची ओळ पिवळी आली. यंत्रातून हृदयापर्यंत जाणारी तार कुठेतरी आत झिजली होती आणि त्यात खरखर उठत होती. खरखर तशी क्षणभराची, पण यंत्राला वाटतं की हृदय स्वतःच चालतंय, आणि ते गप्प बसतं. तेवढा वेळ काकांना कोणीच ठोका देत नाही. पहिल्यांदा दोन सेकंद, महिन्याने पुन्हा दोन. डॉक्टरांनी काकांना बोलावून सांगितलं की तार बदलणं या वयात सोपं नाही, म्हणून थोडं थांबू. पण तिसऱ्यांदा खरखर दिसली की एक दिवसही थांबायचं नाही. तोवर रोज रात्रीची ओळ मिळालीच पाहिजे. काका एकटेच आले होते. घरी मी सांगतो, म्हणाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी त्यांची ओळ करडी निघाली. बाईंनी फोन लावला, काकूंनी उचलला. काकू घरी शिवणकाम करत. शिलाई यंत्राला नवी मोटर बसवली होती आणि तिच्यासाठी डबीचा प्लग काढला होता, तो पुन्हा लावायचा राहिला. साधं कारण. बाईंनी वहीत लिहिलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तेवढं सध्या जपा हं काकू. तारेचं ते असं झाल्यापासून आम्हाला एक रात्रसुद्धा चुकवून चालत नाही."

"कसली तार?" काकूंनी विचारलं.

सोळा वर्षांत बाईंची जीभ अशी घसरली नव्हती. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला, डॉक्टरांशी बोला असं सुचवलं, पण काकूंनी एवढंच विचारलं की हे केव्हापासून. बाई गप्प राहिल्या. गप्प राहणं म्हणजे सांगण्यासारखंच होतं. काकूंनी बरं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी ओळ करडी. तिसऱ्या सकाळीही. बाईंनी फोन केला तर काकू म्हणाल्या, प्लग लावलाय, दिवा हिरवा आहे, रोज पुसते मी. काकांना फोनवर बोलावून बाईंनी आपलं ठरलेलं वाक्य विचारलं. जागेवरच, काका म्हणाले. बाकीचे निदान घोरण्याचं कारण तरी देत. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः फोन करून तपासायला यायला सांगितलं. काकांनी होकार दिला आणि आलेच नाहीत. बाईंनी डॉक्टरांना आपली चूक सांगून टाकली. डॉक्टर रागावले नाहीत, हेच बाईंना जास्त लागलं. रुग्णाला ओढून आणता येत नाही, पण डबी तपासायला घरी जाता येतं, एवढंच ते म्हणाले. चार रात्री त्या तारेत काय चाललंय हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि माणूस चालत-बोलत घरात बसला होता.

पाचव्या दिवशी दुपारी बाई पिशवीत मोजपट्टी आणि एक नवी डबी घेऊन तिसरा मजला चढल्या. दार काकांनी उघडलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये खिडकीशी शिलाई यंत्र, रिळांची रांग, आणि भिंतीला लागून एक घडीची खाट. तिच्यावरची चादर इतकी ताणून बसवलेली की कोणी तरी तिथे रोज झोपतंय आणि पाहुण्यासारखं झोपतंय हे लगेच कळावं. फळीवर एक पिवळा जुना वॉकीटॉकी ठेवलेला होता. क्रेनवर असताना काका त्याच्यावरून खालच्या माणसाशी बोलत.

आतल्या खोलीत डबी जागेवर होती, चकचकीत पुसलेली. बाईंनी तिथून खाटेपर्यंत मोजलं. साडेपाच मीटर, मध्ये विटांची भिंत आणि भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. उपाय एका मिनिटाचा होता आणि तो बाईंच्या हातातच होता. त्यांनी प्लगला हात घातला आणि म्हणाल्या की ही आता बाहेर खाटेजवळ लावते.

काकू दारात उभ्या होत्या. "तिला हात लावू नका," त्या म्हणाल्या.

बाईंनी समजावलं. तारेचं गांभीर्य पुन्हा सांगितलं, आता लपवायला काही उरलंच नव्हतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून, हॉलमध्ये ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्या म्हणाल्या, "डबी बाहेर नेली की हे कायमचे बाहेर. मग आत यायला त्यांना कारणच राहणार नाही. तुम्ही त्यांना सांगा, बाहेर चालत नाही म्हणून. तुमचं ऐकतील ते."

म्हणजे बाईंनी खोटं सांगायचं. बाईंना ते सांगता आलं नाही, आणि डबी उचलताही आली नाही. त्या तिथेच पलंगाच्या कडेवर टेकल्या. ही शिवणारी म्हातारी पाच दिवसांत जे समजली ते आपल्याला सात वर्षांत सुचलं नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची अगदी लाज वाटली.

शेवटी त्यांनी काकांना आत बोलावलं. काका उंबऱ्याशी येऊन थांबले, आत पाऊल टाकलं नाही. बाईंनी आधी आपला गुन्हा कबूल केला: तारेचं काकूंना मी सांगितलं, नको होतं सांगायला, डॉक्टरांनाही मी हे सांगून आलेय. काका म्हणाले की त्यात तुमचं काही नाही, कधीतरी कळणारच होतं. बाईंनी विचारलं की मग तुम्ही का सांगितलं नाही.

"क्रेनवर असताना वर काही कुरकुरलं तर मी कधी खाली बोललो नाही," काका म्हणाले. "खालचा माणूस घाबरला की हात चुकतो त्याचा. सवय आहे ती."

"मी काय खाली उभी होते?" काकू म्हणाल्या. "मी शेजारी होते."

 काकांनी चौकटीवरचा रंग नखाने खरवडला.  रागाच्या भरात बाहेर झोपा म्हटलं होतं ते काकूंनीच, आणि ते मागे घ्यायला तोंड उघडत नव्हतं. असे दोघं जण दोन पावलांवर उभे होते, मध्ये डबीचा दिवा हिरवागार, आणि डबीला काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हा बाई जे बोलल्या ते त्यांनी सिस्टरनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. "माझ्या घरीही डबी आहे. नवरा बाहेर झोपायला गेला, तशी मी डबी बाहेर नेली. त्याच दिवशी. सात वर्षं झाली. रोज हिरवं येतं."

 काकूंनी जरा वेळाने चहा विचारला. बाईंनी तो उभ्यानेच संपवला, नवी डबी तशीच पिशवीत टाकली आणि काकांना एवढंच सांगितलं की खरं तर डबी बाहेर लावली तरी चालते, मी तुम्हाला फसवणार नाही. पण कुठेही झोपा, तिच्याजवळ झोपा. मग त्यांनी पाय काढता घेतला. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण जे करायला आलो होतो ते न करताच निघालोय, आणि उद्या या माणसाचं काही बरंवाईट झालं तर ती आपली दुसरी चूक ठरेल.

पुढच्या सकाळी ओळ करडी होती. बाईंनी हात फोनवर ठेवला आणि उचलला नाही. डॉक्टरांकडून आणखी एक दिवस मागून घेतला. मग दिवसभर कोणाचा आवाज चढला तरी त्या दचकत होत्या. आणखी एक दिवस उजाडला, यादी उघडली, आणि काकांची ओळ पिवळी होती.

पिवळी ओळ बघून कोणाला आनंद झालेला सिस्टरनी आयुष्यात पाहिला नव्हता. आनंद अर्ध्या मिनिटाचा होता, कारण आत खरखर होती, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, आणि या वेळी चार सेकंद. चार सेकंद हृदय थांबलं होतं आणि काका झोपेतच होते. डॉक्टरांनी तासाभरात बोलावलं. काकू आणि काका अकराच्या आत हजर. काकूंच्या हातात कपड्यांची पिशवी, शिवून घातलेल्या खिशात सगळी कागदपत्रं, जणू त्या आठवडाभर तयारच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तार बदलली. डॉक्टर नंतर म्हणाले की जुनी तार आतून एका धाग्यावर आली होती, आठवडाभर थांबलो असतो तर काढायची वेळच आली नसती. बाईंचा जीव भांड्यात पडला. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. बाई जवळून जाताना त्यांनी हाताला धरून थांबवलं आणि फक्त सांगितलं, "डबी आहे तिथेच आहे."

त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या तेव्हा नवरा फिरायला गेला होता. त्यांनी हॉलमधल्या पलंगाजवळचा प्लग काढला, डबी आत नेली आणि आपल्या पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, सात वर्षांपूर्वीच्या जागी लावली. तिथल्या प्लगवर धूळ होती ती पुसली. नवऱ्याची तार चांगली होती, बॅटरी चांगली होती, एखादी रात्र चुकल्याने काही बिघडत नव्हतं. हे त्यांनी दहा वेळा मनात तपासलं. तो परत आला, जेवला, हॉलमधल्या पलंगाशेजारच्या रिकाम्या जागेकडे त्याने पाहिलं, आणि हूं की चूं न करता तिथेच झोपला. बाईंनीही ताकास तूर लागू दिली नाही.

सकाळी सिस्टर यादी बघत होत्या. त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची एकशे एकोणतीस करडी आहे." नियम सगळ्यांना एकच. बाईंनी चष्मा पाठीवरून पुढे ओढला आणि घरचा नंबर फिरवला. सिस्टरनी आपण फार कामात आहोत असं दाखवलं.

"काल रात्री तुम्ही कुठे झोपलात?" बाईंनी विचारलं.

पलीकडे ती ओळखीची शांतता. मग नवरा म्हणाला, "हॉलमध्ये. डबी कुठे गेली?"

"आधी होती तिथे."

"बाहेर चालत होती की."

"चालत होती," बाई म्हणाल्या. खोटं त्यांना आताही सांगता आलं नाही.

 मग नवऱ्याने विचारलं की आत आलो तर रोज सकाळी माझा अहवाल वाचूनच माझ्याशी बोलणार का. बाई म्हणाल्या, नाही वाचणार, आजपासून एकशे एकोणतीस सिस्टर बघतील. सिस्टरनी कागदातून मान वर न करता होकार दिला, म्हणजे त्या अक्षरन् अक्षर ऐकत होत्या. बघतो मग, असं म्हणून नवऱ्याने फोन ठेवला. वहीत कारणाच्या रकान्यात बाईंनी आधी 'घो' लिहिलं, ते खोडलं, आणि लिहिलं, 'डबी हलवली'. शेजारी आपली सही केली.

दुसऱ्या सकाळी बाई कामावर आल्या तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले होते आणि केस नीट विंचरलेले नव्हते. सिस्टरनी न विचारता सांगितलं की एकशे एकोणतीस हिरवी आहे. बाईंना ते सांगायची गरज नव्हती. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सोळा वर्षं लोकांच्या तोंडून ऐकून जे कारण त्या हसत हसत वहीत लिहीत आल्या होत्या, ते त्यांच्या घरी शब्दशः खरं निघालं होतं. माणूस भिंती हलतील असा घोरत होता.

सकाळी चहा ओतताना त्यांनी विचारलं होतं, झोप लागली का. गाढ लागली, नवरा म्हणाला, कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी. मग त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, तुला?

"मलाही," बाई म्हणाल्या. "अगदी गाढ."